काचेखालचं लोखंड

लिहिणं हे माझं काम नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कोणाला पत्र घालायचं असलं की आम्ही शाळामास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसत होतो आणि मास्तर सवडीनं लिहून देत. अशा घरातल्या मुलानं एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत उभं करायला निघावं, हे आगाऊपणाचंच आहे. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं ते सर असे, की हा मजकूर त्यांच्या हाती पडला असता तर त्यांनी पहिल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढून समासात विचारलं असतं, "मोजलंस का?" तरी लिहितो आहे. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती तोंडानं सांगण्याचा धीर तीन वर्षांत झाला नाही. चुका वाचणाऱ्यांनी पदरात घ्याव्यात.

सर आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. यवतमाळचं आमचं कॉलेज तेव्हा नवंच होतं, बाकांना अजून रंगाचा वास यायचा. सर मूळ कोकणातले, एकटे, दारव्ह्याच्या रस्त्याला दोन खोल्या घेऊन राहत. ऐन वैशाखातही अंगात कोट. कोटाच्या प्रत्येक खिशात बाटली, आणि बाटलीत काहीतरी जिवंत. एकदा प्राचार्यांशी बोलता बोलता त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला तर खेकडा बाहेर आला. प्राचार्य दोन पावलं मागे सरले. सर खेकड्याला म्हणाले, "माफ करा, चुकीचा खिसा," आणि त्याला परत ठेवून दुसऱ्या खिशातून रुमाल काढला.

त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. तिला डबे आणि जाळी लटकवून ते शेजारून चालत. मी एकदा भीत भीत कारण विचारलं. म्हणाले, "मी बसलो तर तिला माझं ओझं, नाही बसलो तर मला तिची सोबत." घरी तिखटाच्या बरणीवर मिरचीचं लॅटिन नाव चिकटवलेलं होतं, मिठाच्या बरणीवर रसायनाचं सूत्र, आणि साखरेच्या बरणीवर नुसतं 'संपली'.

आमची बोली त्यांना फार आवडे. ऐकलेले शब्द ते एका वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हटकून चुकीच्या जागी वापरत. "काहून रे बाप्पा, तुले मान काहून नाही?" असं त्यांनी टेबलावर चिरायला ठेवलेल्या बेडकाला अगदी मनापासून विचारलं, तेव्हा मागच्या बाकांवरची मुलं हसून हसून बाकांखाली गेली.

हजेरीची त्यांची रीत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नंबर पुकारल्यावर 'येस सर' म्हणून भागत नसे. चष्मा कपाळावर सरकवून ते विचारत, "आज सकाळी काय पाहिलंस?" पाहिलं ते एका वाक्यात सांगायचं. 'काही नाही' म्हणणाऱ्याची गैरहजेरी लागायची. "जो डोळे घरी ठेवून आला, तो आलाच नाही," असं त्यांचं म्हणणं. माझा खोलीतला सोबती उमरखेडचा, मोठा बेरकी. तो रोज ठोकून द्यायचा, "सर, चिमणी पाहिली." चौथ्या दिवशी सरांनी विचारलं, "कालचीच का?"

"हो सर."

"नर की मादी?"

तो डोकं खाजवू लागला.

"चार दिवस एकाच चिमणीकडे बघतोस आणि अजून एवढीही ओळख नाही? तिला काय वाटत असेल!"

त्यानंतर तो खरंच चिमण्या बघायला लागला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रवेशाच्या अर्जात 'वडिलांचा धंदा' असा रकाना होता. माझ्या पुढच्या मुलानं 'वकिली' लिहिलं, मागच्यानं 'शेती'. मी मागच्याचं उचललं. आमच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती. पांढरकवड्यापासून दोन कोस आत आमचं गाव, तिथे माझे बाबा लोहारकाम करतात. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी आणि मुख्य म्हणजे बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकांना लोखंडी धाव चढवणं. माय भाता ओढते, वेळेला घणही मारते. यात लपवण्यासारखं काय होतं, ते आज मला सांगता येत नाही. पण एकदा लिहिलं की ते सांभाळत बसावं लागतं. कॉलेजात होतो तोवर मला एकच धास्ती होती. कधीतरी बाबा आणि कॉलेज एका जागी येतील, आणि त्या दिवशी मला तोंड उघडावं लागेल.

ती वेळ माझ्याच तोंडामुळे आली. दुसऱ्या वर्षी, एका सोमवारी मी पहाटेच्या गाडीनं गावाहून थेट वर्गात आलो होतो. झोप पुरी झालेली नव्हती. सरांनी विचारलं, "सत्तावीस, काय पाहिलंस?" आणि मी बोलून गेलो, "सर, काल धाव चढवताना पाहिली."

"म्हणजे काय? नीट सांग."

मग मी सांगत सुटलो. लोखंडाची कडी चाकापेक्षा बोटभर लहान करायची. गोवऱ्यांच्या जाळात लाल करून ती पसरली की सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची. लाकूड पेटतं. नेमक्या त्या क्षणी पाणी ओतायचं. एक श्वास आधी ओतलं तर धाव बसत नाही, एक श्वास उशीर झाला तर चाक जळतं. लोखंड आक्रसताना आरे कसे कुरकुरत जागेवर बसतात, तेही सांगितलं. सरांनी विचारलं, "हे कोण करतं?"

"आमच्या गावचा लोहार," मी म्हणालो.

सरांनी चष्मा खाली घेतला. "येत्या रविवारी मला त्यांच्याकडे घेऊन चल. मला पाच फूट लांबीच्या काचेच्या टाकीसाठी लोखंडी स्टँड करायचा आहे. इथे दोघांना विचारलं, दोघंही आधी 'होऊन जाईल' म्हणाले आणि माप मागून विचारलं."

मी 'हो सर' म्हणून खाली बसलो.

टाकी त्यांना मरळ माशांसाठी हवी होती. मरळ आपल्या पिल्लांची राखण कशी करते याबद्दल पुस्तकांत दोन मतं आहेत, असं ते सांगत, आणि लिहिणाऱ्या दोघांनीही मरळ पाहिलेली नाही. "मापाआधी मत नको," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. स्वतःच्या घरात, खुर्चीवर बसून, डोळ्यांच्या उंचीवर त्यांना मरळ बघायची होती.

रविवारी एस.टी.त मी खिडकीबाहेर बघत तीनदा वाक्य जुळवलं. 'सर, तो लोहार म्हणजे माझे वडील.' एवढंच म्हणायचं होतं. पांढरकवडा आलं, आम्ही उतरलो, दोन कोस चाललो, तरी ते वाक्य बाहेर पडलं नाही.

बाबा बाभळीखाली विळ्याला धार काढत होते. माय भात्यावर होती. सर पुढे झाले. "राम राम, मिस्त्री. तुमच्या गावच्या या मुलानं वर्गात तुमचं काम सांगितलं. म्हणाला, आमच्या गावच्या लोहारानं चढवलेली धाव पाहण्यासारखी असते."

बाबांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी काही विचारलं नाही. तेवढ्यात माय भाता सोडून उठली. "काहून रे बाप्पा, सांगून तरी येवाचं होतं! भाकरी नसती का टाकली जास्तीच्या?"

सरांनी मायकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. चष्मा हळूच कपाळावर गेला. मी मान खाली घातली. सर म्हणाले, "भाकरी टाकाच बाई, चालून भूक लागली आहे," आणि कोट काढून बाभळीला अडकवला, आणि सरळ मातीत मांडी घालून बसले. ती गोष्ट त्यांनी तिथे काढली नाही, परतताना काढली नाही, कधीच काढली नाही.

तो दिवस मी विसरणार नाही. कॉलेजातला प्राध्यापक कोळशानं जमिनीवर टाकीचं चित्र काढतोय आणि माझे बाबा उकिडवे बसून त्यात चुका दाखवताहेत! सर वजन किलोत सांगू लागले. बाबा म्हणाले, "थे सरकारले सांगा गुर्जी. मले मणात सांगा."

"पाणी, रेती, काच धरून अठरा मण. पक्के."

"म्हंजे ज्वारीची भरली बंडी. मंग त्यात काय हाये! उचलन."

मध्येच सरांनी मायला भात्यावरून उठवलं. "मले द्या, बाई. मी ओढून राह्यलो." वहीतलं वाक्य एकदाचं बरोबर जागी पडलं होतं, पण माय पदर तोंडात धरून हसत होती. सरांनी भाता इतक्या जोरानं ओढला की निखारे उडाले. "गुर्जी, हळू!" बाबा ओरडले. "थो भाता हाये, विहिरीची मोट नाई." सर ओशाळले आणि लगेच वहीत 'मोट' लिहून घेतलं.

कापसाच्या जिनिंगमधून मिळालेल्या जुन्या लोखंडी अँगलांचा स्टँड करायचं ठरलं. जोडांविषयी बाबांनी त्यांना समजावलं. "पाहा, बंडी चालते, खड्डा येते, दगड येते. जोडात तिळाएवढी ढील असली तं ते खेळते आन् धक्का जिरते. घट्ट केलं का आस मोडते. अक्कल घट्ट करण्यात नाई, ढील किती ठेवाची त्याच्यात हाये." सरांनी ते शब्द न् शब्द उतरवून घेतलं. एवढ्या आदरानं कोणी बाबांचं बोलणं लिहून घेताना मी कधी पाहिलं नव्हतं, बाबांनीही नसेल पाहिलं.

पंधरा दिवसांनी स्टँड तयार झाला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. मी सहज त्याला टेकलो तर तो केसभर हलला. बंडीचा जोड जसा हलतो तसाच. माझ्या मनात आलं की काच काही लाकूड नाही, ती खेळणार कशी? विचारावं असं वाटलं. पण विचारलं असतं तर सर आणखी दोन तास बसले असते, आणि मला पाचची गाडी गाठून त्यांना तिथून हलवायचं होतं. मी गप्प राहिलो.

कापसाच्या ट्रकवर टाकून स्टँड यवतमाळला आला. सरांनी अंगणात त्याच्यावर फळी टाकून आम्हा दहा मुलांना वर चढवलं. "नाचा," म्हणाले. उमरखेडचा तर लेझीमच खेळला. लोखंड वाकलं नाही. "माप झालं," सर म्हणाले. "आता मत देतो. उत्तम." नागपूरहून टाकी आली, आम्ही बादल्यांनी पाणी भरलं, भोयांनी नदीतली मासळी आणून दिली. दोन मरळी, बाकी बारकी रुपेरी मासळी. सर शाळकरी पोरासारखे टाकीभोवती फिरत होते.

दिवाळीनंतर एका रविवारी त्यांनी प्राचार्यांना, दोन प्राध्यापकांना आणि आम्हा मुलांना टाकी बघायला बोलावलं. खोलीत दाटी झाली. प्राचार्यांनी वाकून बघताना स्टँडच्या कोपऱ्यावर सहज हात टेकला. बांगडी पिचावी तसा 'टच' असा आवाज झाला. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग तळाच्या काचेत एक पांढरी रेघ धावत गेली आणि पुढच्याच क्षणी समोरची काच बाहेर आली. अठरा मण! पाणी माझ्या छातीवर आदळलं ते अजून आठवतं. प्राध्यापक खुर्चीवर चढले. रेती, शेवाळ, काचा, वह्या सगळं दाराबाहेर वाहत गेलं. बारकी मासळी फरशीवर चमकत उडत होती आणि बघता बघता थांबत होती. मरळी मात्र मेल्या नाहीत. मरळीला हवेतही श्वास घेता येतो, हे सरांनीच शिकवलं होतं. त्या पोटावर सरपटत मोरीकडे निघाल्या होत्या. सर त्यांच्या मागे गुडघ्यांवर चालले होते, एका हातातून रक्त येत होतं, दुसऱ्या हातानं ओला कोट एका मरळीवर टाकत होते.

"कोण्या खेडवळ लोहाराचं काम दिसतं," प्राचार्य धोतर झटकत म्हणाले. "फाळ ठोकणारी माणसं ही, यांना काचेतलं काय कळणार?"

उमरखेडचा माझ्याकडे वळला. "काबे, थो तुह्याच गावचा होता नं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"असेल," मी म्हणालो. "मी काही त्याला ओळखत नाही."

'त्याला.' बाबांना जन्मात पहिल्यांदा मी तसं म्हटलं होतं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. सर मोरीपाशी होते. त्यांनी मान वर केली. चष्म्यावर पाणी होतं, त्यामुळे डोळे दिसले नाहीत. मग ते प्राचार्यांना म्हणाले, "चूक त्यांची नाही, माझी आहे. मी त्यांना वजन सांगितलं, काच सांगितली नाही. त्यांनी मला बंडी करून दिली. फार चांगली बंडी आहे ती."

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. "सत्तावीस." "येस सर." त्यांनी खूण केली आणि पुढचा नंबर पुकारला. मला काय पाहिलं ते विचारलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. कॉलेज सुटेपर्यंत कधीच नाही. मी मात्र रोज सकाळी काहीतरी बघून, वाक्य तयार करून जात राहिलो.

पुढच्या रविवारी सर एकटेच आमच्या गावी गेले. तिथे काय झालं ते मला मायनं सांगितलं. टाकी फुटल्याचं ऐकून बाबांनी भट्टी विझवली आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. सर दुपारपर्यंत तिथेच खाटेपाशी बसून राहिले. मग त्यांनी कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी काढली, दोन विटांवर ठेवली, आणि बाबांना म्हणाले, "मिस्त्री, एकच कोपरा दाबा. हळूच."

बाबांनी उठून दाबला. टच.

"अजून हाये का?" बाबांनी विचारलं. सरांनी दुसरी दिली. तीही मोडली. तिसरी, चौथी. मग बाबा म्हणाले, "म्हंजे हे खेळतच नाई."

"नाही. तिला खेळता येत नाही. उभी राहील, नाही तर मरेल."

बाबांनी ते तुकडे गोळा केले. मग उठून बाभळीखाली गेले आणि जमिनीत रोवलेल्या ऐरणीवर हात ठेवून म्हणाले, "मंग बंडी नाई पाह्यजे गुर्जी. हे पाह्यजे."

माय सांगत होती, त्या संध्याकाळी दोघं एका ताटात जेवले.

दुसरा स्टँड बाबांनी स्वतः घेऊन यायचं ठरवलं, कारण ठेवण्याची जागा बघितल्याशिवाय तो पुरा होणार नाही असं त्यांचं म्हणणं. हे कळल्यावर मी दोन दिवस न जाण्याचं निमित्त शोधत होतो. आजारी पडावं असंही वाटलं. पण गेलो. खोलीत तीच माणसं होती, प्राचार्यसुद्धा. बाबा धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून आले होते. जोड यावेळी गरम रिबिटांनी आवळले होते, निवताना आक्रसून ते धावेसारखे घट्ट बसले होते. मागे आणि दोन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या फुलीसारख्या कैच्या. पायांखाली रुंद पत्रे. वर अंथरायला घोंगडीच्या चार घड्या, म्हणजे लोखंडाचा उंचसखलपणा काचेला लागू नये.

"आता पाणी सांगन, सरळ हाये का नाई," बाबा म्हणाले. काठोकाठ भरलेली परात स्टँडच्या एकेका कोपऱ्यावर ठेवायची, ज्या अंगानं पाणी सांडेल त्या पायाखाली पाचर मारायची. त्यांना खाली बसून पाचरी मारायच्या होत्या, परात धरायला कोणीतरी हवं होतं. त्यांनी मुलांच्या घोळक्यावर नजर फिरवली. मी दुसऱ्या रांगेत होतो.

"भाऊ," ते मला म्हणाले, "तुमी जरा परात धरता का?"

माझे बाबा मला 'तुमी' म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. परक्या मुलाशी बोलावं तसं अदबीनं ते बोलले होते. 'आमच्या गावचा लोहार' हे शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकले होते, आणि माझं खोटं माझ्यापेक्षा चांगलं सांभाळायचं त्यांनी ठरवलं होतं. तेव्हा मला फक्त 'बाबा' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी पुढे झालो आणि परात धरली. पाणी चारी बाजूंनी सांडायला लागलं.

"हात स्थिर ठेवा भाऊ," बाबा खालून म्हणाले. "नाई तं लोखंड खोटं हाये का हात खोटा, थे समजत नाई."

सर खिडकीपाशी उभे होते. ते बाहेर बघू लागले.

शेवटी परात स्थिर झाली. मग एक थेंबही सांडला नाही. निघताना सरांनी बाबांची अवजारांची पिशवी सायकलीला लटकवली आणि मोटार स्टँडपर्यंत त्यांच्यासोबत चालत गेले. मी खोलीतच उरलेलं पाणी पुसत राहिलो.

टाकी पुन्हा भरली त्या दिवसापासून सरांनी नवीन प्रकार सुरू केला. स्टँडची समोरची बाजू मोकळी होती. ते चटई घेऊन सरळ टाकीखाली शिरत आणि तिथे बसून आमचे पेपर तपासत. वर अठरा मण, खाली सर. प्राचार्यांनी पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, बाहेर या! एकदा काय झालं ते विसरलात?"

"विसरलो नाही, म्हणून तर इथे बसतो," सर आतून म्हणाले. "मिस्त्रींना शिफारसपत्र द्यायचं आहे. लिहायला वेळ नाही."

सगळी परीक्षा संपेपर्यंत रोज संध्याकाळी ते तिथे बसले. गावातली माणसं बघायला येत. हळूहळू प्रश्न बदलला. 'फुटेल का' असं विचारणं थांबलं आणि 'कोणी केलं' असं लोक विचारू लागले. सर बाबांचं नाव आणि गाव सांगत. माझं नाव त्यात कधी येऊ दिलं नाही.

बी.एस्सी. होऊन मी नागपूरला पुढे शिकायला निघालो तेव्हा त्यांना भेटायला गेलो होतो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. ते टाकीखाली होते. मी वाकून नमस्कार केला. "नागपूरला तलाव आहेत. बघत जा," एवढंच म्हणाले. मी 'हो सर' म्हणालो आणि त्यांच्या चपलांकडे बघत थोडा वेळ उभा राहून निघून आलो. इथे आल्यावर त्यांना पत्र लिहायला तीनदा बसलो. तिन्ही वेळा पहिलं वाक्य बाबांविषयी होतं आणि तिथेच फाडलं. घरीही नवा पत्ता कळवला नव्हता. आज कळवू, उद्या कळवू, असं चाललं होतं.

गेल्या महिन्यात मला एक पोस्टकार्ड मिळालं. ते यवतमाळच्या माझ्या जुन्या खोलीवर गेलं होतं. तिथून उमरखेडच्यानं पत्ता शोधून इकडे पाठवलं, त्यात अठरा दिवस गेले. अक्षर शाळामास्तरांचं, सांगणारे बाबा. माझं नाव तेवढं गाळून ते जसंच्या तसं देतो.

'चि. यास अनेक आशीर्वाद. तू नागपूरला गेल्यापासून तुझे सर दर सुटीत आपल्या घरी येऊन राहत हे तुला ठाऊक असेलच. लोखंड शिकायचे म्हणत. घण नीट पडत नसे पण मन लावून मारत. या संक्रांतीलाही आले. मंगळवारी सकाळी भात्यापाशी बसले होते, बसल्या जागी मान टाकली. पांढरकवड्याचे डॉक्टर येईपर्यंत काही उरले नव्हते. कॉलेजात माणूस पाठवला. मोठे साहेब व बाकी लोक मोटारीने आले. सरांचे गावाकडे कोणी उरलेले नाही असे त्यांच्याकडून समजले. अग्नी कोणी द्यायचा असा प्रश्न निघाला. साहेबांनी मला विचारले, तुम्ही यांचे कोण. मी सांगितले, माझा मुलगा यांचा विद्यार्थी आहे, त्याच्या नावाने मी देतो. मग तुझे नाव घेऊन दिला. सर्वांनी विचारले, मुलगा कुठे आहे, का आला नाही. त्याची परीक्षा आहे म्हणून सांगितले. तुझी परीक्षा कधी आहे ते कळव.'